वेंधळा म्हणण्याआधी नीट मोजा



आपण या पानावर बहुतेक करून जुन्या सुप्याच्या आठवणी लिहितो. धरणाखाली गेलेलं घर, काळी नदीचा पूर, उळवीची जत्रा, रामनगरला नव्यानं मांडलेला संसार. आज मी थोडं वेगळं लिहितोय. विषय आपल्या नातवंडांचा आहे आणि त्यावर माझं ठाम मत आहे.

मत असं. जे मूल सारखं धडपडतं, ताटातलं सांडतं, ज्याला शर्टाचं बटण लागत नाही आणि ज्याचं अक्षर कुणाला लागत नाही, त्याला वेंधळा, धांदरट किंवा आळशी म्हणण्याआधी त्याच्या हातापायांच्या कौशल्याची रीतसर तपासणी झाली पाहिजे. ती आपल्या जोयडा तालुक्यातच झाली पाहिजे. आणि ती करताना आपलं मूल रोज कसं जगतं, हेही पाहिलं गेलं पाहिजे.

आता कुणीतरी म्हणेल, "काका, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं हो. फक्त त्याला नाव नव्हतं. म्हणजे नावं भरपूर होती, पण ती सगळी शिव्यांसारखी होती. "हात आहेत की लाकडं?" हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी वर्गात ऐकलंय ते आठवा. कित्ता बिघडला की पट्टी बोटांवर बसायची. पट्टीनं अक्षर सुधारलेलं मी तरी पाहिलं नाही.

आज डॉक्टर लोक याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. थोडक्यात डीसीडी. डिस्प्रॅक्सिया हा शब्दही चालतो. पूर्वी इंग्रजीतही सरळ 'क्लम्झी चाइल्ड' म्हणत, म्हणजे तेही आपल्याइतकेच होते. १९९४ साली कॅनडातल्या लंडन या शहरात तज्ज्ञ जमले आणि सगळ्यांनी डीसीडी हे एकच नाव वापरायचं ठरलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची २०१३ सालची जी नियमावली आहे, तिच्यात पाच ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये याचं प्रमाण ५ ते ६ टक्के दिलंय. मुलग्यांत जास्त. आपल्या खेडेगावातल्या शाळेत वीस-पंचवीस मुलं असतात. हिशोब करा, सरासरी शाळेमागे एक तरी मूल निघेल.

या मुलांच्या बुद्धीत खोट नसते, स्नायूही वरवर ठीक असतात. मेंदूनं हालचालीचा बेत आखायचा आणि हातापायांनी तो पार पाडायचा, हा व्यवहार सुरळीत होत नाही. दुसरं मूल दहा वेळा करून जे शिकतं, ते याला शंभर वेळा करावं लागतं. शिवाय आज जमलं ते उद्या तसंच जमेल याची खात्री नसते. मोठ्यांचा संताप होतो तो इथेच. "काल तर नीट लिहिलं होतंस, आज काय झालं? मुद्दाम करतोस!" खरं तर असा चढउतार हे या अडचणीचंच एक लक्षण आहे.

हा चढउतार मी नोकरीत फार जवळून पाहिलाय. बेळगावला बी.कॉम. करून मी बँकेत लागलो आणि आपल्याच भागातल्या शाखेत बरीच वर्षं काढली. धरणाच्या नुकसानभरपाईच्या काळात कितीतरी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा खातं उघडलं. नमुना सहीचं कार्ड काढायचं आणि चेकवरची सही त्याच्याशी ताडून बघायची, हे आमचं रोजचं काम. एक दुकानदार होते. सातवीपर्यंत शिकलेले, तोंडी हिशोबात आम्हा कारकुनांना मागे टाकतील असे. पण त्यांच्या दोन सह्या कधी एकसारख्या यायच्या नाहीत. एक आडवी, एक उभी, एकीत आडनावच गायब. कुणीतरी सुचवलं की अंगठा लावा, भानगड मिटेल. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "साहेब, मी शाळेत गेलेला माणूस आहे. अंगठा लावणार नाही." मग ते दर वेळी स्वतः येत आणि समोर बसून सही करत. त्यांना काही आजार होता असं मी आज म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही. पण हाताचा आणि अकलेचा संबंध लावू नये, हे मी त्या काउंटरवर शिकलो.

आणि एक गोष्ट बघा. आजारपणानं किंवा म्हातारपणानं सही करता येत नसेल, तर बँकेत त्याची सोय आहे. अंगठ्याचा, तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. माणसाचा हात चालत नाही म्हणून त्याचे पैसे अडत नाहीत. मग आठ वर्षांच्या मुलाचा हात चालत नाही म्हणून त्याचं शिक्षण का अडावं?

हे लिहायला कारण झालं ते माझ्या पुतणीच्या मुलाचं. पोरगं बोलायला चुणचुणीत. धनेश पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं कसं लिंपतो ते तुम्हाला पाच मिनिटं सांगेल. पण वहीचं पान बघवत नाही. शेताच्या बांधावरून चालताना हमखास चिखलात. चेंडू पकडायला हात जोडेपर्यंत चेंडू छातीवर आपटून गेलेला. खेळात कुणी घेईना, म्हणून तोच खेळायचा बंद झाला. शाळेतून निरोप आला: मुलगा लक्ष देत नाही, लिखाण टाळतो, घरी शिस्त लावा. घरात ठरलं की त्याला बाहेरगावी हॉस्टेलला टाकायचं. शिस्त लागेल, म्हणे.

विचार करा मंडळी. ज्याला स्वतःची नाडी बांधता येत नाही, ताटातला भात सांडल्याशिवाय जेवता येत नाही, त्याला पन्नास अनोळखी मुलांत नेऊन सोडायचं. 'तारे जमीं पर' आपण सगळ्यांनी डोळे पुसत पाहिला. त्या ईशानलाही चेंडू नीट फेकता येत नाही, हे किती जणांच्या लक्षात राहिलं?

सुदैवानं पुतणी खमकी आहे. तिनं आधी डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून शहरातल्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंकडे नेलं. तिच्याकडून मी सगळं बारकाईनं विचारून घेतलं. कर्ज मंजूर करताना प्रश्न विचारायची सवय अजून गेलेली नाही.

त्या बाईंनी जी चाचणी घेतली तिचं नाव मूव्हमेंट असेसमेंट बॅटरी फॉर चिल्ड्रन. ब्रिटनमध्ये हेंडरसन आणि सग्डेन यांनी ती १९९२ मध्ये आणली, २००७ मध्ये दुसरी आवृत्ती काढली. वयाचे तीन गट आणि प्रत्येक गटाला आठ कामं. कामांचे प्रकार तीन: हाताची सफाई, नेम आणि झेल, आणि तोल. लहानांना डबीच्या फटीत नाणी टाकायला लावतात, मणी ओवायला लावतात. सात ते दहा वर्षांच्या मुलांना खुंट्या भोकांत बसवणं, पट्टीच्या भोकांतून नाडी ओवणं, दोन रेघांच्या मधून रेघ ओढणं, भिंतीवरून परत आलेला चेंडू झेलणं, रेघेवरून टाचेला चवडा लावत चालणं, लंगडी घालत उड्या मारणं. घड्याळ लावून, चुका मोजून गुण देतात आणि ते त्याच वयाच्या मुलांच्या गुणांशी ताडतात. समजा शंभर मुलं रांगेत उभी केली, तर शेवटच्या पाचांत येणाऱ्याला अडचण आहे असं धरतात. सहावा ते पंधरावा, यांच्यावर लक्ष ठेवायचं. आमचा हा शेवटच्या पाचांत होता.

हे ऐकताना मला आपलं अंगण आठवलं. सागरगोटे म्हणजे हाताची सफाई, लगोरी आणि विटीदांडू म्हणजे नेम, लंगडी म्हणजे तोल. चाचणी आपल्या ओसरीवर रोज चालू होती. फक्त गुण कुणी लिहीत नव्हतं, आणि हरणाऱ्याला मदत मिळत नव्हती, चिडवणं मिळत होतं.

पण नुसत्या गुणांवर त्या बाई थांबल्या नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही ताळेबंद बघायचो, गिऱ्हाइकाशी बोलायचो आणि मग गोदामावर प्रत्यक्ष जाऊन पोती मोजायचो. तिन्ही जुळलं तर सही. कागद चांगला आणि गोदाम रिकामं, असंही असतं. कागद कच्चा आणि धंदा पक्का, असंही असतं. मुलाची तपासणी याच रीतीनं व्हायला हवी. चाचणीचे गुण, घरच्यांची आणि शिक्षकांची माहिती, आणि मूल खरंखुरं काम करताना कसं दिसतं ते. वर सांगितलेल्या नियमावलीतही चार गोष्टी मागितल्या आहेत. वयाच्या आणि शिकायला मिळालेल्या संधीच्या मानानं कौशल्य कमी असणं. त्यामुळे रोजच्या जगण्यात किंवा शाळेत अडणं. हे लहानपणापासून असणं. आणि दुसऱ्या कुठल्या कारणानं, म्हणजे नजर, मेंदूचा किंवा स्नायूंचा आजार, बौद्धिक अक्षमता यांनी त्याचा उलगडा न होणं.

यातला 'शिकायला मिळालेली संधी' हा शब्द आपल्या तालुक्यासाठी लाख मोलाचा आहे. आमची सौ. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती सांगते, जंगलातल्या वाड्यांवरून येणाऱ्या कुणबी मुलांनी पहिलीत येईपर्यंत कात्री हातात धरलेली नसायची. रंगीत कागद कापायला दिला की चुरगळून ठेवायची. पण हीच मुलं साकवावरून पाण्याकडे न बघता पलीकडे जायची, मोठ्यांच्या बरोबरीनं तरवा लावायची, कंद खणताना त्याला ओरखडा उठू द्यायची नाहीत. त्यांच्यापुढे खुंट्या आणि नाड्या ठेवून गुण काढले तर अर्धा वर्ग नापास होईल आणि ते साफ खोटं असेल. त्या चाचणीच्या दुसऱ्या आवृत्तीचे आकडे ब्रिटनमधल्या ११७२ मुलांवरून काढलेले आहेत. आपल्या पोराला त्या रांगेत उभं करताना एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मग फरक कसा ओळखायचा? सौ.चा ठोकताळा मला पटतो. नीट दाखवून चार-आठ दिवस करू द्या. संधी नव्हती त्या मुलाचा हात आठवड्यात बसतो. खरी अडचण असलेलं मूल तेवढ्याच सरावात तिथल्या तिथे राहतं, आणि त्याची अडचण कात्रीपुरती नसते, ती बांधावर, जेवणात, आंघोळीत, सगळीकडे दिसते. पुतणीच्या मुलाचं तसंच होतं. खोलीतले गुण आणि बांधावरचा चिखल, दोन्ही साक्षी जुळल्या.

पालकांसाठी प्रश्नावल्याही आहेत. कॅनडातली एक पंधरा प्रश्नांची प्रश्नावली बरीच चालते. चेंडू फेकणं, झेलणं, पळणं, लिखाणाचा वेग, नवा खेळ शिकणं, लवकर दमणं असे प्रश्न. त्यातल्या एका प्रश्नात काचसामानाच्या दुकानात शिरलेल्या बैलाची उपमा आहे. आता हे आपल्याकडच्या आईला विचारा. ती म्हणेल, "आमचा बैल तर बांधावरून एक रोप न तुडवता जातो." प्रश्नाचं भाषांतर करून भागत नाही मंडळी, प्रश्न आपल्या अंगणातून यावा लागतो. घागर आणताना पाणी किती सांडतं? सुपारी सोलता येते का? चपलेचा पट्टा लावता येतो का? असे प्रश्न मराठी, कोंकणी आणि कन्नडमध्ये तयार करून, आपल्याच मुलांवर पडताळून घ्यायला हवेत. हे अशक्य नाही. बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीची मोजपट्टी तयार केलीच. त्यांच्या 'डासी' या चाचणीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत, पण ती अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. शाळकरी वयासाठी तसंच काम व्हावं, असं मला वाटतं.

काही गोष्टी घरातल्या मोठ्यांनी आवर्जून लक्षात ठेवाव्यात. मूल आधी जे करत होतं ते आता जमेनासं झालं असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येत असेल, तर तो वेंधळेपणा समजू नका. तो स्नायूंचा आजार असू शकतो, थेट डॉक्टर गाठा. डोळे आधी तपासून घ्या. डावखुरं असणं हा दोष नाही. उजव्या हाताची सक्ती करू नका. आणि पाच वर्षांच्या आत सहसा शिक्का मारू नये असा तज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण त्या वयात मुलांमुलांत फार फरक असतो. तोवर लक्ष ठेवा, खेळवा.

"मोठा झाला की सुटेल" यावरही विसंबू नका. पुष्कळांचं मोठेपणीही सुटत नाही. आणि हाताच्या अडचणीपेक्षा जास्त नुकसान मनाचं होतं. मूल खेळ सोडतं, एकटं पडतं, स्वतःला ढ समजू लागतं.

उपाय काय? महागडी यंत्रं लागत नाहीत. जे काम जमत नाही तेच काम, लहान टप्पे पाडून, मुलाशी बोलत बोलत शिकवायचं. काय करायचंय, कसं करशील, करून बघ, जमलं का ते तपास. हे चार टप्पे थेरपिस्ट बाईंनी पुतणीला लिहून दिले आणि मुलाबरोबर तीन कामं निवडली: बटण, नाडी आणि स्वतःचं नाव. शाळेला पत्र दिलं की फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नको, लिहायला जास्त वेळ द्या, काही परीक्षा तोंडी घ्या. वर्गशिक्षकांनी ते मानलं. हॉस्टेलचा विषय मागे पडला. अक्षर अजून वाईटच आहे. पण बटणं स्वतः लावतो, नाडी बांधतो आणि शाळेत जाताना पोट दुखत नाही.

फक्त यासाठी पुतणीला किती खेपा पडल्या! जोयड्याहून अणशी घाट उतरून कारवार, नाहीतर दांडेलीवरून धारवाड-हुबळी, रामनगरवाल्यांना बेळगाव. प्रत्येक खेपेला दिवस मोडतो आणि रोजंदारीवाल्याची मजुरी जाते. पुतणीला झेपलं. वाडीवरच्या आईला झेपेल का?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करायची असते, आणि त्यांच्या ३० आजारांच्या यादीत हालचालीतला विलंब आणि शिकण्यातल्या अडचणीही आहेत. त्या तपासणीत दात-डोळे-वजनासोबत हातापायांची दहा मिनिटं नीट व्हावीत. दोन, गटसंसाधन केंद्राच्या शिबिरात दिसणाऱ्या अपंगत्वाइतकंच या न दिसणाऱ्या अडचणीकडे लक्ष द्यावं, आणि महिन्यातून एक दिवस थेरपिस्ट जोयड्यात आणि एक दिवस रामनगरात बसावा. तीन, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव घेतलंय. पण प्रमाणपत्र देताना भर वाचन, लेखन आणि गणितावरच असतो. कायद्यात जे नाव आहे त्याची तपासणीही व्हावी.

आणि एक सगळ्यात महत्त्वाचं. तपासणी करून नुसता कागद हातात देऊ नका. कर्जाची छाननी पूर्ण केली आणि कर्ज दिलंच नाही, तर गिऱ्हाइकाला त्या फायलीचा काय उपयोग? ज्या दिवशी मोजलं, त्याच दिवशी घरी काय करायचं आणि शाळेनं काय करायचं, हे आईच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे.

आपल्यातले कितीतरी जण आज पुण्या-मुंबईत, बेळगावात, गोव्यात स्थिरावलेत. कुणाच्या घरात थेरपिस्ट आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत, निवृत्त शिक्षक तर घरटी एक आहे. दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी याल तेव्हा दोन दिवस काढा, एखाद्या शाळेत बसा. कोण काय करू शकेल ते इथेच खाली लिहा, मी यादी करून ठेवतो. यादी करायचं काम मला अजून चांगलं जमतं.